आरंभ आणि निर्मिती : आधुनिक विश्वरचनाशास्त्र व धर्मकल्पना यांतील सीमारेषेचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

विश्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न प्रदीर्घ काळ धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या कक्षेत होता. विसाव्या शतकात दुर्बिणी, वर्णपट आणि गणिती समीकरणे यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे शक्य झाले. विश्व प्रसरण पावत असल्याचे दिसून आले आणि भूतकाळात ते अत्यंत दाट व उष्ण अवस्थेत असावे, असा सिद्धांत पुढे आला. साहजिकच अनेकांना या सिद्धांतात आपल्या धर्मग्रंथातील सृष्टिकथेचे प्रतिबिंब दिसले, तर काहींना नेमक्या याच कारणासाठी तो संशयास्पद वाटला.

विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधाची चर्चा बहुधा 'संघर्ष' किंवा 'समन्वय' या दोन शब्दांत उरकली जाते. एका बाजूला गॅलिलिओच्या खटल्याचे उदाहरण दिले जाते, तर दुसऱ्या बाजूला आमच्या ग्रंथांत हे आधीच सांगितले आहे, असा दावा केला जातो. विश्वरचनाशास्त्राचा प्रत्यक्ष इतिहास मात्र या दोन्ही चौकटींत बसत नाही. महास्फोट सिद्धांताचा पाया घालणारी व्यक्ती कॅथलिक धर्मगुरू होती आणि या सिद्धांताचा धर्माच्या समर्थनासाठी उपयोग करण्यास याच धर्मगुरूचा विरोध होता. प्रस्तुत लेखात जॉर्ज लमेत्र (१८९४-१९६६) यांचे कार्य, पोप पायस बारावे यांचे १९५१ मधील भाषण आणि स्थिर स्थिती सिद्धांताचा वाद यांच्या आधारे एक मुद्दा मांडला आहे. विश्वाचा 'आरंभ' ही भौतिकीच्या कक्षेतील कल्पना आहे, तर विश्वाची 'निर्मिती' ही तत्त्वज्ञानाच्या आणि श्रद्धेच्या कक्षेतील कल्पना आहे. या दोहोंची गल्लत झाली की विज्ञान आणि धर्म या दोघांचेही नुकसान होते. महाविद्यालयीन अध्यापनातही हा प्रश्न वारंवार उपस्थित होत असल्याने लेखाच्या उत्तरार्धात भारतीय संदर्भाचा विचार केला आहे.

२. पूर्वपीठिका : अनादी विश्व की आरंभ असलेले विश्व?

ॲरिस्टॉटलच्या मते विश्व अनादी आणि अनंत होते. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांनी मात्र ईश्वराने शून्यातून विश्व निर्माण केले, असे मानले. ग्रीक तत्त्वज्ञानाचा वारसा स्वीकारताना या तिन्ही परंपरांतील विचारवंतांना या विसंगतीला सामोरे जावे लागले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस याने अनादित्वाच्या विरोधात युक्तिवाद केला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अल् गझाली यांनी विश्व अनादी मानणाऱ्या तत्त्वज्ञांवर कठोर टीका केली. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने काळाच्या आरंभी शून्यातून झालेली निर्मिती हा ख्रिस्ती श्रद्धेचा भाग असल्याचे घोषित केले.

या चर्चेत तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांचे मत विशेष महत्त्वाचे आहे. विश्वाला आरंभ होता, ही गोष्ट श्रद्धेने स्वीकारावी लागते. ती केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या मते निर्मिती म्हणजे विश्वाचे आपल्या अस्तित्वासाठी ईश्वरावर असलेले अवलंबित्व होय. विश्व अनादी असते, तरीही ते या अर्थाने निर्मित ठरले असते. वाळूवर पाऊल अनादी काळापासून टेकलेले असेल, तर ठसाही अनादी असेल. तरीही ठशाचे कारण पाऊलच असेल, हे या परंपरेतील जुने उदाहरण आहे. कालगणनेतील पहिला क्षण आणि अस्तित्वाचे अधिष्ठान हे दोन प्रश्न अशा रीतीने सातशे वर्षांपूर्वीच वेगळे करण्यात आले होते. लमेत्र ज्या लूव्हेन विद्यापीठात शिकले, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अक्वायनसच्या तत्त्वज्ञानाच्या पुनरुज्जीवनाचे प्रमुख केंद्र होते. त्यांच्या पुढील भूमिकेचे मूळ समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

३. लमेत्र : प्रसरणापासून आरंभापर्यंत

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफखान्यात सेवा केली. युद्धानंतर गणित आणि भौतिकीचा अभ्यास व धर्मगुरुपदाचे शिक्षण त्यांनी जोडीने पूर्ण केले. १९२३ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी ते केंब्रिज येथे आर्थर एडिंग्टन यांच्याकडे संशोधनासाठी गेले. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतही काही काळ अध्ययन केले.

आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत संपूर्ण विश्वाला लागू केला होता. परंतु विश्व स्थिर राहावे म्हणून त्यांना समीकरणात एक स्थिरांक घालावा लागला होता. रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये याच समीकरणांतून प्रसरणशील विश्वाची शक्यता दाखविली. फ्रीडमन यांच्या कार्याची कल्पना नसताना लमेत्र स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या एका वैज्ञानिक नियतकालिकात त्यांनी फ्रेंच भाषेत शोधनिबंध प्रसिद्ध केला. फ्रीडमन यांचे काम प्रामुख्याने गणिती होते. लमेत्र यांनी मात्र दूरच्या दीर्घिकांच्या गतीची उपलब्ध निरीक्षणे आपल्या गणिताशी जोडली आणि प्रसरणाचा दर दर दशलक्ष पार्सेकला सुमारे ६२५ किलोमीटर प्रतिसेकंद इतका काढला. एडविन हबल यांचा सुप्रसिद्ध निबंध त्यानंतर दोन वर्षांनी, १९२९ मध्ये आला. १९२७ च्या सॉल्व्हे परिषदेच्या वेळी आइन्स्टाइन यांनी लमेत्र यांचे गणित मान्य केले, परंतु त्यातून उभे राहणारे भौतिक चित्र त्यांना मुळीच पटले नाही.

येथे एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. १९२७ च्या निबंधात विश्वाचा आरंभ नव्हता. त्यात विश्व अनादी काळ जवळजवळ स्थिर अवस्थेत राहून मग हळूहळू प्रसरण पावू लागते, असे दाखविले होते. धर्मगुरू असल्यामुळे लमेत्र यांनी 'आरंभ' विज्ञानात आणला, हा आक्षेप पुढे अनेकदा घेतला गेला. परंतु त्यांच्या पहिल्याच प्रतिरूपाने तो निराधार ठरतो.

आरंभाची कल्पना १९३१ मध्ये आली. विश्वाच्या विद्यमान व्यवस्थेला आरंभ असावा, ही कल्पना आपल्याला तत्त्वतः अप्रिय वाटते, असे एडिंग्टन यांनी त्या वर्षी म्हटले होते. एडिंग्टन स्वतः श्रद्धाळू क्वेकर होते, हे लक्षणीय आहे. लमेत्र यांनी ९ मे १९३१ च्या 'नेचर' या नियतकालिकात एक लहानसे पत्र लिहून त्यांना उत्तर दिले. या उत्तरात धर्मग्रंथाचा आधार नव्हता. ऊष्मागतिकी आणि पुंज सिद्धांत यांनुसार काळाच्या ओघात ऊर्जेच्या पुंजांची संख्या वाढत जाते. म्हणजे मागे जाताना ती कमी होत होत सर्व ऊर्जा मोजक्या पुंजांत, कदाचित एकाच पुंजात सामावलेली असेल. त्या अवस्थेत अवकाश आणि काळ या संकल्पनांनाच अर्थ उरणार नाही. या विचारातून पुढे त्यांची 'आदिअणू' ही कल्पना विकसित झाली.

या पत्राच्या मूळ टंकलिखितात शेवटी आणखी एक परिच्छेद होता. ईश्वर हा स्वभावतःच गुप्त असतो आणि आधुनिक भौतिकी निर्मितीवर जणू पडदा टाकते, याचे श्रद्धावंताला समाधान वाटेल, असा त्याचा आशय होता. प्रकाशनापूर्वी लमेत्र यांनी हा परिच्छेद खोडून टाकला. त्यांची श्रद्धा कमी झाली होती असे मानण्यास कोणताही आधार नाही. वैज्ञानिक नियतकालिकात त्या विधानाला स्थान नाही, एवढाच निर्णय या खोडण्यातून दिसतो. विज्ञानाच्या इतिहासात छापल्या गेलेल्या ओळींना महत्त्व असते. येथे मात्र न छापलेला परिच्छेदही तितकाच बोलका आहे.

४. पोप पायस बारावे यांचे भाषण आणि लमेत्र यांची भूमिका

पोपच्या अधिपत्याखालील विज्ञान अकादमीची १९३६ मध्ये पुनर्रचना झाली आणि लमेत्र तिचे सदस्य झाले. याच अकादमीसमोर २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी आधुनिक विज्ञानाच्या प्रकाशात ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे या विषयावर भाषण केले. दीर्घिकांचे परस्परांपासून दूर जाणे, भूकवचाचे व अशनींचे वय, किरणोत्सर्गी द्रव्यांच्या आधारे केलेले कालमापन अशा वैज्ञानिक निष्कर्षांचा त्यांनी सविस्तर उल्लेख केला. ब्रिटिश गणितज्ञ एडमंड व्हिटेकर यांच्या विचारांचाही त्यांनी आधार घेतला. आजचे विज्ञान अब्जावधी वर्षे मागे जाऊन, प्रकाश होवो या बायबलमधील आद्य आज्ञेचे जणू साक्षीदार झाले आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. विश्वाला आरंभ आहे, म्हणून निर्माता आहे आणि म्हणून ईश्वर आहे, असा हा युक्तिवाद होता.

हे पुरावे अद्याप निर्णायक नाहीत आणि निर्मितीची खरी प्रमाणे तत्त्वज्ञान व धर्मवचन यांतूनच मिळतात, अशी पुस्ती पोपनी जोडली होती, हेही न्यायदृष्टीने सांगितले पाहिजे. परंतु वृत्तपत्रांतून आणि सामान्य चर्चेतून ही पुस्ती पुढे आली नाही. विज्ञानाने ईश्वर सिद्ध केला, असाच भाषणाचा अर्थ लावला गेला. महास्फोट सिद्धांताचे एक प्रमुख पुरस्कर्ते आणि विनोदी स्वभावाबद्दल प्रसिद्ध असलेले जॉर्ज गॅमाव्ह यांनी १९५२ मधील आपल्या एका शोधनिबंधात या भाषणाचा मिश्किल हवाला दिला. सिद्धांताच्या विरोधकांना तर आयतेच साधन मिळाले.

लमेत्र या भाषणाने अस्वस्थ झाले. त्यांच्या दृष्टीने आदिअणू हे एक गृहीतक होते आणि ते निरीक्षणांनी तपासले जाणे आवश्यक होते. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका वैज्ञानिक परिषदेस जाताना ते रोम येथे थांबले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनिएल ओकॉनेल यांच्याशी त्यांनी या प्रश्नाबाबत चर्चा केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन रोममध्ये भरणार होते आणि तेथे पोप पुन्हा खगोलशास्त्रज्ञांना संबोधित करणार होते. ७ सप्टेंबर १९५२ च्या त्या भाषणात पोपनी खगोलशास्त्राच्या प्रगतीचा गौरव केला, परंतु विश्वाच्या आरंभावरून ईश्वर सिद्ध करण्याचा युक्तिवाद पुन्हा मांडला नाही. हा बदल लमेत्र यांच्या प्रयत्नांमुळे घडला असावा, असे विज्ञानाच्या इतिहासकारांचे मत आहे.

याच अधिवेशनात घडलेली आणखी एक घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी तेथे जाहीर केले की, दीर्घिकांच्या अंतरमापनात मूलभूत चूक झाली असून ही अंतरे सुमारे दुप्पट धरली पाहिजेत. परिणामी प्रसरणावरून काढलेले विश्वाचे वयही दुप्पट झाले. हबल यांच्या जुन्या मापनानुसार ते अवघे दोन अब्ज वर्षांच्या आसपास येत होते, म्हणजे पृथ्वीच्या खडकांच्या वयाहूनही कमी. ज्या आकड्यांच्या आधारावर काही महिन्यांपूर्वी धर्मशास्त्रीय निष्कर्ष काढले जात होते, ते आकडे त्याच नगरीत बदलले. वैज्ञानिक मापने सुधारली जातात, किंबहुना सुधारली जाणे हाच त्यांचा धर्म असतो. अशा मापनांवर श्रद्धेची इमारत उभारली, तर पुढील दुरुस्तीबरोबर तिलाही तडे जातात.

लमेत्र यांनी आपली भूमिका १९५८ च्या सॉल्व्हे परिषदेत स्पष्ट शब्दांत मांडली. आदिअणूचा सिद्धांत कोणत्याही आधिभौतिक किंवा धार्मिक प्रश्नाच्या बाहेर राहतो, जडवाद्याला ईश्वर नाकारण्याचे स्वातंत्र्य तो अबाधित ठेवतो आणि श्रद्धावंतालाही ईश्वराशी अवाजवी सलगी करू देत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १९६० पासून मृत्यूपर्यंत ते पोपच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. त्यामुळे त्यांची भूमिका चर्चच्या विरोधातील बंडखोरी होती, असे म्हणता येत नाही. ती चर्चच्याच तत्त्वज्ञानपरंपरेचा एक भाग होती.

५. दुसऱ्या बाजूचा मोह : स्थिर स्थिती सिद्धांत

विज्ञानाला श्रद्धेच्या कामाला जुंपण्याचा मोह केवळ धार्मिकांनाच होतो, असे मानणे चुकीचे ठरेल. १९४८ मध्ये केंब्रिज येथील फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही. प्रसरणामुळे पडणारी पोकळी नव्याने निर्माण होणाऱ्या द्रव्याने भरली जाते, असे त्याचे स्वरूप होते. यासाठी लागणारी निर्मिती अत्यल्प होती. एका घनमीटर जागेत साधारणतः अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू निर्माण होणे पुरेसे होते. त्या काळात विश्वाचे वय पृथ्वीच्या वयाहून कमी येत असल्याने या सिद्धांताला सबळ वैज्ञानिक कारणही होते.

२८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरील भाषणात हॉईल यांनी प्रतिस्पर्धी सिद्धांतासाठी 'बिग बँग' हा शब्द प्रथम वापरला. आज तो रूढ झालेला शब्द आणि त्याचे 'महास्फोट' हे मराठी रूप, दोन्हींचे मूळ विरोधकाच्या भाषणात आहे. हॉईल यांनी १९५० च्या व्याख्यानमालेत धर्मश्रद्धेवर उघड टीका केली होती. त्यामुळे स्थिर स्थिती म्हणजे निरीश्वरवाद आणि महास्फोट म्हणजे आस्तिकता, असे समीकरण लोकांच्या मनात रुजले. सोव्हिएत संघात तर या समीकरणाला राजकीय बळ मिळाले. १९४७ मध्ये झ्दानोव्ह यांनी मर्यादित विश्वाच्या कल्पनेवर जाहीर टीका केली आणि पुढील काही वर्षे तेथे आरंभ असलेल्या विश्वाचा विचार प्रतिगामी व धर्माला पोषक मानला गेला. एका ठिकाणी सिद्धांत धर्माला अनुकूल म्हणून स्वीकारला जात होता, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच कारणाने नाकारला जात होता. दोन्ही ठिकाणी पुराव्याचे स्थान दुय्यम झाले होते.

प्रत्यक्ष शास्त्रज्ञांची विभागणी मात्र या समीकरणाप्रमाणे नव्हती. गॅमाव्ह यांना धर्मात रस नव्हता, तरी ते महास्फोटाचे पुरस्कर्ते होते. विल्यम मॅक्रे हे श्रद्धाळू अँग्लिकन होते, तरी त्यांनी स्थिर स्थिती सिद्धांताला पाठिंबा दिला. अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञ एरिक मॅस्कल यांनी १९५६ मधील आपल्या ग्रंथात अक्वायनसचाच धागा पुढे नेऊन, यांपैकी कोणता सिद्धांत खरा ठरतो याने निर्मितीच्या धर्मतत्त्वाला बाधा येत नाही, असे प्रतिपादन केले.

६. निर्णय कसा झाला?

या वादाचा निकाल धर्मपीठावर किंवा पक्षाच्या सभेत लागला नाही. केंब्रिज येथील मार्टिन राईल यांनी दूरच्या रेडिओ स्रोतांची मोजणी केली. स्थिर स्थिती सिद्धांतानुसार जितके असावेत त्याहून अधिक क्षीण स्रोत आढळत असल्याचे त्यांनी १९६१ पर्यंत दाखवून दिले. याचा अर्थ भूतकाळातील विश्व आजच्यासारखे नव्हते. १९६४ मध्ये हॉईल आणि रॉजर टेलर यांनीच असे दाखविले की, विश्वातील हेलियमचे मोठे प्रमाण ताऱ्यांमधील प्रक्रियांनी पुरेसे स्पष्ट होत नाही; त्यासाठी अतिउष्ण अवस्थेची गरज भासते. सिद्धांताचा सर्वात कडवा विरोधक स्वतःच्या लेखणीने त्याच्या बाजूचा एक महत्त्वाचा पुरावा नोंदवितो, हे वैज्ञानिक सचोटीचे उत्तम उदाहरण होय.

निर्णायक पुरावा अनपेक्षितपणे मिळाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ मध्ये सर्व दिशांनी सारखेच येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण आढळले. त्याचे तापमान सुमारे ३.५ केल्विन होते. उष्ण आरंभानंतर उरलेले प्रारण आज सुमारे ५ केल्विनचे असावे, असे राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच वर्तविले होते. १९६५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे, विल्सन यांचा स्वतःचा कल त्या वेळी स्थिर स्थिती सिद्धांताकडे होता. निरीक्षकाची आवड एका बाजूला आणि निरीक्षण दुसऱ्या बाजूला असे येथे घडले आणि निरीक्षण मान्य झाले. रुग्णशय्येवर असलेल्या लमेत्र यांना मृत्यूपूर्वी या शोधाची वार्ता समजली. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

चर्चच्या अधिकृत भूमिकेतही कालांतराने बदल दिसून येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक जॉर्ज कॉइन यांना १९८८ मध्ये लिहिलेल्या पत्रात, महास्फोटासारख्या नव्या सिद्धांतांचा धर्माच्या समर्थनासाठी घाईने व अविचाराने उपयोग करू नये, असा इशारा दिला. १९५१ च्या भाषणानंतर ३७ वर्षांनी लमेत्र यांचीच भूमिका अशा रीतीने स्वीकारली गेली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रसरणाच्या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे, अशी शिफारस केली.

७. भारतीय संदर्भ

या वादाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. कोल्हापूर येथे १९३८ मध्ये जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर केंब्रिज येथे हॉईल यांचे विद्यार्थी होते. राईल यांच्या निष्कर्षांना उत्तर देण्याच्या प्रयत्नात त्यांचा सहभाग होता आणि १९६४ मध्ये हॉईल-नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षण सिद्धांत जगासमोर आला. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि १९८८ मध्ये पुणे येथील आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक झाले. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिरवत् स्थितीचा सुधारित सिद्धांत मांडला. त्यात दीर्घकालीन प्रसरणाबरोबरच सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांची कल्पना होती. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. महास्फोटाविषयीचे आपले आक्षेप त्यांनी अखेरपर्यंत कायम ठेवले. परंतु ते निरीक्षणांच्या आणि गणिताच्या भाषेत मांडले. अनादी, आवर्तनशील विश्वाला पुराणांतील कल्पांचा आधार जोडणे त्यांना सहज शक्य होते. तसे न करता प्राचीन ग्रंथांत आधुनिक विज्ञान शोधणाऱ्या दाव्यांनाही पुराव्याची कसोटी लावावी, असा आग्रह त्यांनी आपल्या मराठी व इंग्रजी लेखनातून धरला. सिद्धांताच्या बाबतीत लमेत्र आणि नारळीकर परस्परविरोधी टोकांवर होते. सीमारेषेच्या बाबतीत मात्र ते एकाच बाजूला होते.

आपल्याकडे दोन प्रकारचे दावे विशेषत्वाने ऐकू येतात. पहिला दावा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताविषयी आहे. या सूक्तात महास्फोटाचे वर्णन आहे, असे सांगितले जाते. वस्तुतः या सात ऋचांचे वैशिष्ट्य त्यांतील संशयात आहे. सृष्टी कोठून आली हे खरोखर कोण जाणतो, देवही तिच्यानंतरचे आहेत आणि परम व्योमातील अध्यक्षही ते जाणत असेल किंवा नसेलही, असा प्रश्न उभा करून सूक्त संपते. या धीट प्रश्नाचे रूपांतर विसाव्या शतकातील एका उत्तरात करणे म्हणजे सूक्ताची उंची कमी करणे होय.

दुसरा दावा ब्रह्मदेवाच्या दिवसाविषयी आहे. एक कल्प म्हणजे एक हजार महायुगे, अर्थात ४३२ कोटी वर्षे. पृथ्वीचे आजचे मान्य वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याने हे आकडे जवळचे वाटतात. परंतु कल्पाचा हा आकडा कोणत्याही खडकाच्या किंवा ताऱ्याच्या मापनातून आलेला नाही. सिद्धांतग्रंथांत सर्व ग्रहांच्या भ्रमणांची संख्या पूर्णांकात यावी, यासाठी अशा महाकालखंडांचा गणिती उपयोग केला जात असे. भारतीय ज्योतिर्विदांमध्येही याबाबत एकवाक्यता नव्हती. आर्यभटाने १००८ युगांचा कल्प मानला आणि चारही युगपाद समान धरले. स्मृतींशी विसंगत म्हणून ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर टीका केली. शिवाय कल्प चक्राकार असल्याने तो कोणत्याही अर्थाने विश्वाचा पहिला आरंभ ठरत नाही. विश्वाचे आजचे मान्य वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. पृथ्वीच्या वयाशी जुळणारा आकडा स्वीकारायचा आणि विश्वाच्या वयाशी न जुळणारा सोडून द्यायचा, या पद्धतीने कोणत्याही ग्रंथातून काहीही सिद्ध करता येईल.

या बाबतीत भारतीय परंपरेतच मार्गदर्शन उपलब्ध आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी संसार अनादी मानला. त्यामुळे त्यांच्या मांडणीत ब्रह्म हे विश्वाचे कारण ठरण्यासाठी काळातील पहिल्या क्षणाची आवश्यकता नाही. अक्वायनसच्या मांडणीपेक्षा ही तत्त्वप्रणाली भिन्न असली, तरी 'कारण' आणि 'आरंभ' यांतील भेद दोघांनाही ज्ञात होता. गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य असेही म्हणतात की, अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले, तरी ती वचने प्रमाण ठरत नाहीत. जे प्रत्यक्षाच्या कक्षेतील आहे, ते प्रत्यक्षानेच ठरावे, हा याचा अर्थ. श्रुतीविषयी पूर्ण आदर बाळगणाऱ्या आचार्यांनी आखलेली ही मर्यादा लमेत्र यांनी खोडलेल्या परिच्छेदाच्या फार जवळची आहे.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, महास्फोट सिद्धांत विश्वाच्या दाट व उष्ण पूर्वावस्थेचे आणि तेथून झालेल्या उत्क्रांतीचे वर्णन करतो. काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, या प्रश्नाला तो हात घालत नाही. दुसरा असा की, आस्तिक आणि नास्तिक शास्त्रज्ञ या वादाच्या दोन्ही बाजूंना होते; त्यामुळे सिद्धांताच्या प्रणेत्याच्या श्रद्धेवरून सिद्धांताचे मूल्यमापन करणे इतिहासाला धरून नाही. तिसरा असा की, धर्मग्रंथाची प्रतिष्ठा तात्कालिक वैज्ञानिक आकड्यांवर टेकविणे हे त्या ग्रंथावर अन्याय करणारे आहे. विश्वाच्या प्रसरणदराच्या विविध पद्धतींनी केलेल्या मापनांत आजही सुमारे ६७ आणि ७३ अशी तफावत आढळते आणि तिचे कारण शोधले जात आहे. हे संशोधन पुढे जाईल, कदाचित चित्र बदलेलही. वेद, उपनिषदे किंवा बायबल यांचे मोल त्या निकालासाठी ताटकळत ठेवण्याचे कारण नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व मोठे आहे. वर्गात एखादा विद्यार्थी महास्फोट आपल्या ग्रंथांत आधीच सांगितला आहे असे म्हणतो, तेव्हा त्याचा उपहास केल्याने काही साध्य होत नाही आणि त्याला दुजोरा दिल्यानेही होत नाही. ग्रंथ नेमके काय सांगतो, सिद्धांत नेमके काय सांगतो आणि प्रत्येकाचे प्रमाण कोणते, हे तीन प्रश्न त्याच्यासमोर वेगवेगळे ठेवणे, हे अध्यापकाचे काम आहे. नासदीय सूक्त साहित्याच्या व तत्त्वज्ञानाच्या तासाला त्याच्या पूर्ण वैभवासह शिकवावे आणि पार्श्वप्रारण भौतिकीच्या तासाला त्याच्या पूर्ण पुराव्यासह शिकवावे. एका धर्मगुरूने स्वतःच्या सिद्धांताबाबत आणि स्वतःच्या धर्मप्रमुखासमोर ही शिस्त पाळली होती. कोणत्याही ग्रंथाशी निष्ठा असलेल्या अध्यापकालाही ती पाळता येण्यासारखी आहे.